हजेरीत नसलेली माणसं

१ ऑगस्ट २०२३ ला इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत एका विहिरीचं काम चालू होतं. शंभर फुटांहून खोल विहीर. आतून काँक्रीटची रिंग मारायची होती. वरची माती रिंगेसकट खाली आली आणि जवळच्या बेलवाडीचे चार मजूर तिच्याखाली गेले. कळलं कधी? माणसं संध्याकाळी घरी आली नाहीत म्हणून घरचे शोधायला निघाले तेव्हा. मग पोकलेन आले, एन.डी.आर.एफ.चे जवान आले, पुढारी आले, वार्ताहर आले. तीन दिवस ढिगारा उपसल्यावर चौघांचे मृतदेह निघाले.

माती का ढासळली हे इंजिनियर सांगतील. मित्रांनो, मला दुसरंच खुपतं. आत माणसं आहेत हे घरच्यांना शोधून काढावं लागलं. म्हणजे त्या कामावर हजेरी नव्हती, किंवा असलीच तर ती कुणाच्या कामी आली नाही. संकटाची तयारी म्हटलं की लोकांना शिडी, दोर, ॲम्ब्युलन्स आठवते. ते सगळं नंतरचं. आत कोण उतरलं, किती उतरले, वर किती आले, हे कुणीतरी लिहिलेलं असणं ही पहिली तयारी. तीच नव्हती.

आणि हजेरी आपल्या लोकांना काही नवी नाही. दीडशे वर्षं आपण हजेरीखाली जगलोय. पारधी, कैकाडी यांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलिसांपुढे हजेरी लावावी लागायची. तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. माणूस पळून जाऊ नये म्हणून मोजायचा, हे सरकारला पक्कं जमत होतं. माणूस जिवंत परत आला का, हे मोजायची वेळ आली की वही सापडत नाही.

जरा मागं जाऊ. १८७६-७७ चा दुष्काळ. बारामती तेव्हा भिमथडी तालुक्यात होती. भिमथडी आणि इंदापूर हा पुणे जिल्ह्याचा कोरडा पूर्वेकडचा पट्टा, याला तो दुष्काळ फार लागला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, खडी. नीरेच्या कालव्याची खोदाई त्याच काळातली, पाणी आलं १८८५ च्या सुमारास. आज या दोन तालुक्यांचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे त्याच्या मुळाशी उपाशी माणसांची कुदळ आहे, हे साखर वाटताना कुणी सांगत नाही.

त्या कामांवर हजेरी कडक होती. कशासाठी? मजुरी कापण्यासाठी. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल या साहेबानं हिशेब मांडला की काम करणाऱ्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा पुरे. दिवसभर खडी फोडायची आणि पौंडभर धान्यावर राहायचं. मद्रासकडचा सरकारी डॉक्टर कॉर्निश यानं विरोध केला. एवढ्या अन्नावर माणूस कष्ट करू शकत नाही, झिजून मरतो, असं त्याचं म्हणणं. आमच्या दख्खनच्या लोकांनी अर्ज-विनंत्यांची वाट पाहिली नाही. हजारो लोक कामं सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली, तिचं श्रेय तिला दिलं पाहिजे. पण सभेच्या आधी संप केला तो उपाशी मजुरांनी. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात कामगारांचा संप मुंबईच्या गिरणीत जन्मतो. मला विचाराल तर तो खडीच्या ढिगावर, मोकळ्या माळावर आधीच झाला होता, आणि मुद्दा आरोग्याचाच होता : या अन्नावर हे काम झेपत नाही.

पुढं गिरण्या आल्या तरी कुणी कुठं उभं राहायचं हे जातीनंच ठरवलं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय तर धोट्यात धागा ओढताना तो तोंडानं शोषावा लागायचा, आणि आपल्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावणार? गंमत बघा. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्यानं तोंडाला लावणं हे सगळ्याच कामगारांच्या आरोग्याला घातक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं तसल्या धोट्याला १९११ मध्येच बंदी घातली. इथं धोटा तसाच ठेवला आणि माणूस बाहेर काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, तेव्हा त्यांच्यासमोर हेच होतं. रेल्वेतला आपला माणूस रुळावर गँगमन. कारखान्याच्या छपराखाली त्याला कौशल्याचं काम नाही.

१९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. आपल्या पोस्टरवर एक ओळ असते, चौदा तासांचे आठ तास केले. भावना खरी आहे, पण कार्यकर्त्यानं कागद माहीत करून घ्यावा, नाहीतर समोरचा वकील एका वाक्यात गप्प करतो. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास होते आणि हंगामी कारखान्याला ६०. त्यांच्या कारकिर्दीत, १९४६ च्या दुरुस्तीनं, बारमाहीला ४८ आणि हंगामीला ५४ झाले. या ‘हंगामी’ शब्दाकडं नीट बघा, तो आपल्या भागातला आहे. साखर आणि गूळ हे त्या यादीत होते. वालचंदनगरचा साखर कारखाना १९३०च्या दशकात उभा राहिला. हंगामी यादीतल्या कामगाराला मुंबईच्या गिरणीवाल्यापेक्षा आठवड्याला सहा तास जास्त राबवायला कायद्याचीच मुभा होती. ऊस थांबत नाही म्हणून माणसानं थांबायचं नाही. हा भेद १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं मोडला. तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. आपल्या चळवळीचं त्यांच्याशी कधी जमलं नाही, तरी नोंद नोंदीच्या जागी.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादकडच्या कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले होते. मंत्री खड्ड्यात उतरतो हे तेव्हाही नवल होतं, आजही आहे.

१९४८ च्या कायद्याचं छत्तिसावं कलम मी कार्यकर्त्यांना तोंडपाठ करायला सांगतो. घातक वायूची शक्यता असलेल्या टाकीत, खड्ड्यात, नळात माणूस उतरवायचा नाही. उतरवायचाच असेल तर आधी तपासणी, किंवा मग श्वासाचं साधन आणि कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. त्या बाहेरच्या माणसात सगळं आलं. तो आत जात नाही. त्याला आत कोण आहे हे ठाऊक असतं.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ झालं, आणि १९८७ च्या दुरुस्तीनं धोकादायक कारखान्यांना संकटकाळाचा आराखडा बंधनकारक झाला. जीवघेणा धोका दिसला तर मालकाला बजावायचा हक्क कामगाराला लेखी मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा सगळा कायदा कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या नव्या संहितेत गेला आहे. बजावायचा हक्क तिथंही आहे. पण फॅक्टरी कुणाला म्हणायचं याची पायरी वर चढली. वीज वापरणाऱ्या जागेत दहा माणसं लागायची तिथं आता वीस, वीज नसेल तर वीसच्या जागी चाळीस. बांधकामातही दहाच्या खाली माणसं असली की बहुतेक वेळा सुरक्षेचा कायदा दारात थांबतो. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त, साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीवर आराखडा मागता येतो, मागाही. पण विहिरीवरच्या चार-सहा जणांच्या टोळीनं कुणाकडं मागायचा?

ऊसतोडीचं तसंच. बीड-नगरकडून टोळ्या येतात, मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसांचं मिळून एक हत्यार होतं, आणि बाई हिशेबात अर्धी उरते. पहाटे फडात साप चावला, ट्रॉलीखाली पाय गेला, तर कारखाना म्हणतो आमच्या हजेरीत नाव नाही.

आता खांडज. बारामती तालुका, १५ मार्च २०२३. गोठ्याच्या शेण-मुताच्या कुंडीत, तुंबलेलं साफ करताना एकजण गुदमरला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. चार माणसं गेली. यात ठेकेदार नव्हता, घरचीच, जवळची माणसं होती. कुजणाऱ्या शेणातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड निघतात. पहिल्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण तो वाढला की नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. वास गेला म्हणून माणूस उतरतो आणि दोन-चार श्वासात कोसळतो. जुन्या विहिरीत कंदील सोडून बघायची आपल्याकडं रीत आहे. कंदील विझला तर हवा नाही एवढं खरं, पण पेटता राहिला म्हणून विषारी वायू नाही असं होत नाही, आणि शेणकुंडीत मिथेनचा भडका उडू शकतो. तिथं कंदील नकोच. अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं १९८६ मध्ये नोंदवलं होतं की अशा बंद जागेत मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा इथं चालत नाही, कारण त्यातली सेप्टिक टाकी माणसाच्या मैल्याची. शेणाची कुंडी त्या व्याख्येत बसत नाही.

मग यांना कायदा भेटतो कुठं? मेल्यावर. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत विहीर खोदणारा, खोल करणारा मजूर होता. तो कायदाही आता सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आला आहे. पण दावा लावताना पहिला प्रश्न हाच येतो की हा माणूस तुमच्याकडं कामाला होता याचा पुरावा काय. ठेकेदार म्हणतो, मी ओळखत नाही. पुन्हा हजेरी.

म्हणून आपल्या गावात, वस्तीत विहिरीचं, कुंडीचं काम निघालं की कार्यकर्त्यानं सकाळी जाऊन नावं लिहावीत. मालक, ठेकेदार, मजूर, उतरण्याची वेळ. शक्य असेल तर मोबाईलवर फोटो. संध्याकाळी परत जाऊन वर आलेले मोजावेत. ठेकेदार चिडेल, चिडू द्या. काठावर कापलेल्या मातीचा ढीग दिसला तर तो लांब टाकायला लावा. शेणकुंडीत कुणी पडलाच तर आत उडी नाही. वरूनच दोर, गळ, शिडी, शेजाऱ्यांना हाका, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करताना ‘वायू’ हा शब्द आधी सांगायचा, म्हणजे येणारा श्वासाच्या साधनासह येईल. एन.डी.आर.एफ.चा तळ तळेगावकडं सुदुंबऱ्याला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तोवर काठावर आपणच असतो.

१ मेच्या ग्रामसभेत हे लेखी द्या. अर्जात तीनच गोष्टी मागा. दहा फुटांपेक्षा खोल कोणत्याही खोदाईची ग्रामपंचायतीकडं आधी नोंद. उतरणाऱ्यांच्या नावांची वही कामावरच. आणि पट्टा, दोर, तिपाई असा एक संच पंचायतीच्या खर्चानं. अर्जाची पोच घ्या, आणि तिच्यावर तारीख नीट टाकली आहे का ते बघा.