लपविलेले वाय-फाय : नाव झाकले, पण कुलूप लावले का?

घरातील बिनतारी इंटरनेटचे नाव इतरांच्या भ्रमणध्वनीवर दिसू नये, अशी सोय जवळजवळ प्रत्येक राऊटरमध्ये असते. नाव दिसले नाही म्हणजे कोणी आत शिरणार नाही, असा सर्वसाधारण समज आहे. शहरात नोकरी करणारा मुलगा सुटीत गावी जातो, आईवडिलांच्या घरी राऊटर बसवितो, नाव लपवितो आणि निश्चिंत मनाने परततो. पुढे घरात नवा भ्रमणध्वनी येतो, जाळ्याचे नाव यादीत सापडत नाही आणि मग फोनवरून विचारणा सुरू होते. समर्थ रामदासांच्या जांब गावाचा तालुका असलेल्या जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या ठिकाणी घर असलेल्या आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रसंग अपरिचित वाटू नये. अशा वेळी जोडणी कशी करावी आणि लपविण्याने नेमके किती संरक्षण मिळते, हे दोन्ही प्रश्न एकत्रच समजून घेणे हिताचे आहे.

नवी मुंबईचा धडा

घरगुती वाय-फायची सुरक्षा हा गंभीर विषय आहे, याची जाणीव महाराष्ट्राला २००८ साली झाली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांत ५६ जणांचे प्राण गेले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल मिळाला होता. त्याचा माग काढीत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथे एका अमेरिकी नागरिकाच्या सदनिकेपर्यंत पोहोचली. त्याच्या घरातील बिनतारी जोडणीचा इतरांनी गैरवापर केल्याचे पुढे निष्पन्न झाले. मात्र दरम्यानच्या काळात त्याला चौकशी आणि संगणकांची तपासणी यांना तोंड द्यावे लागले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत याच मालिकेतील आणखी दोन ई-मेल मुंबईतून गेले. एकासाठी माटुंग्याच्या महाविद्यालयाची, तर दुसऱ्यासाठी चेंबूरमधील एका कंपनीची जोडणी वापरली गेली होती. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या.

या प्रकरणाचा बोध सरळ आहे. इंटरनेटवरील प्रत्येक हालचालीचा माग प्रथम जोडणीच्या मालकापर्यंत येतो. कृत्य दुसऱ्याचे असले तरी पहिले उत्तर मालकालाच द्यावे लागते.

नाव लपविणे म्हणजे काय?

बिनतारी जाळ्याच्या नावाला तांत्रिक भाषेत ‘एसएसआयडी’ म्हणतात. हे नाव जास्तीत जास्त ३२ बाइटचे असते. रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे मराठीत नाव ठेवायचे तर दहा चिन्हांतच भागवावे लागते आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजली जाते.

राऊटर साधारणपणे सेकंदाला दहा वेळा आपल्या अस्तित्वाची घोषणा करीत असतो. या घोषणेला ‘बीकन’ अशी संज्ञा आहे. नाव लपविण्याचा पर्याय निवडला की राऊटर घोषणा थांबवीत नाही. तिच्यातील नावाची जागा तेवढी रिकामी ठेवतो. राऊटरचा तांत्रिक पत्ता, वाहिनी आणि सुरक्षेचा प्रकार या गोष्टी पूर्वीप्रमाणेच प्रसारित होत राहतात. दारावरची पाटी काढली म्हणून घर नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

शिवाय ते नावही फार काळ गुप्त राहत नाही. घरातील एखादा भ्रमणध्वनी जोडणी करतो, तेव्हा त्याला जाळ्याचे नाव उघडपणे उच्चारावे लागते आणि राऊटरही त्याला नावानिशी उत्तर देतो. हा संवाद सांकेतिक रूपात नसतो. हवेतील संदेश टिपणारी साधने विनामूल्य उपलब्ध असल्याने जाणकाराला हे नाव काही मिनिटांत कळू शकते. लपविण्यामुळे केवळ शेजारच्या जिज्ञासू व्यक्तीच्या यादीतून नाव वगळले जाते. माहीतगार घुसखोराला त्याचा अडथळा होत नाही.

भ्रमणध्वनीच गुपित फोडतो

लपविलेल्या जाळ्याचा एक उलट परिणाम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सामान्य जाळे आपणहून नाव सांगत असल्यामुळे भ्रमणध्वनीला केवळ ऐकत राहिले तरी पुरते. जाळे मौन पाळत असेल, तर मात्र विचारण्याचे काम भ्रमणध्वनीकडे येते. ‘अमुक नावाचे जाळे येथे आहे काय?’ अशी पृच्छा तो वरचेवर करतो. घराबाहेर पडल्यावर एसटी स्थानकावर, कार्यालयात वा उपाहारगृहातही ही पृच्छा सुरूच राहते. नावात आडनाव वा सदनिका क्रमांक असेल, तर तोही अनोळखी ठिकाणी प्रसारित होतो. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही प्रणाली लपविलेल्या जाळ्यांच्या बाबतीत या धोक्याची सूचना देतात.

धोका येथेच संपत नाही. ही पृच्छा ऐकणारा भामटा त्याच नावाचे खोटे जाळे उभारू शकतो. मूळ जाळ्याला पासवर्ड नसेल, तर भ्रमणध्वनी त्या खोट्या जाळ्याला आपोआप जोडला जाण्याची शक्यता असते. पासवर्ड असल्यास पूर्ण जोडणी होत नाही. परंतु तिच्या प्रयत्नात पासवर्ड ताडून पाहण्यास उपयोगी पडेल अशी माहिती भामट्याच्या हाती लागू शकते. म्हणून ‘नाव लपविले आहे, पासवर्ड कशाला?’ हा विचार सर्वांत घातक होय.

खरे कुलूप कोणते?

वाय-फायचे वास्तविक संरक्षण सांकेतिकीकरणात आहे. १९९७ साली आलेली ‘वेप’ ही पहिली पद्धत सदोष असल्याचे संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले आणि २००७ पर्यंत ती एका मिनिटाच्या आत फोडणे शक्य झाले. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ मधील ‘क्रॅक’ नावाचा दोष उघड झाला. उत्पादकांच्या सुधारणांनी तो दूर होतो. मात्र त्यासाठी उपकरण अद्ययावत केलेले असले पाहिजे. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ जाहीर झाली. हवेतील संवाद टिपून नंतर सवडीने पासवर्ड ताडून पाहण्याचा मार्ग या पद्धतीने बंद केला.

आज घरासाठी ‘डब्ल्यूपीए-३’ हा उत्तम पर्याय आहे. जुनी उपकरणे असल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ आणि ‘डब्ल्यूपीए-३’ यांचा मिश्र पर्याय किंवा निदान ‘एईएस’सह ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावी. राऊटरमध्ये ‘ओपन’ अथवा ‘वेप’ हे पर्याय दिसत असतील, तर ते वापरू नयेत.

मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून नको

‘डब्ल्यूपीए-२’ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. आपल्याकडे स्वतःचा दहा अंकी मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची प्रथा रूढ आहे. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. संख्या मोठी वाटते. परंतु चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला लाखो शक्यता तपासू शकतो. सेकंदाला चार लाख हा वेग धरला, तरी सगळ्या शक्यता संपायला तीन तासही लागत नाहीत. घुसखोराला मालकाचा क्रमांक ठाऊक असेल, तर तेवढेही कष्ट नकोत. गावाच्या नावापुढे १२३ जोडण्याची पद्धतही तितकीच कुचकामी आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द आणि मध्ये एखादा अंक, अशी रचना लक्षात राहण्यास सोपी आणि फोडण्यास अवघड ठरते.

जोडणीची पद्धत

लपविलेल्या जाळ्याला जोडण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : जाळ्याचे अचूक नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड. नावातील लहान-मोठी रोमन अक्षरे, मोकळी जागा आणि जोडरेषा जशीच्या तशी असावी लागते.

अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर : ‘सेटिंग्ज’मध्ये वाय-फायच्या यादीच्या शेवटी ‘अ‍ॅड नेटवर्क’ हा पर्याय असतो. तेथे नाव टंकित करावे, सुरक्षेचा प्रकार निवडावा आणि पासवर्ड द्यावा. त्यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून ‘हिडन नेटवर्क’समोर ‘येस’ निवडावे. हा शेवटचा टप्पा राहून गेल्यास सर्व माहिती बरोबर असूनही जोडणी होत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या भ्रमणध्वनींत या पर्यायांची जागा थोडी वेगळी असू शकते.

आयफोनवर : ‘सेटिंग्ज’मधील ‘वाय-फाय’ उघडून यादीच्या तळाशी असलेला ‘अदर’ हा पर्याय निवडावा. नाव लिहून ‘सिक्युरिटी’मध्ये योग्य प्रकार निवडावा, पासवर्ड द्यावा आणि ‘जॉइन’ दाबावे.

घरातील ज्येष्ठांना एवढे टंकन जिकिरीचे वाटते. त्यांच्यासाठी क्यूआर कोडचा मार्ग सोयीचा आहे. अँड्रॉइड १० आणि त्यापुढील प्रणालींत जोडलेल्या भ्रमणध्वनीवरून असा कोड दाखविता येतो आणि दुसऱ्या भ्रमणध्वनीने तो टिपून जोडणी करता येते. या कोडमध्ये पासवर्डही असतो. म्हणून त्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नये किंवा छापून दर्शनी भिंतीवर लावू नये.

जोडणी होत नसेल तर

प्रथम नावाचे स्पेलिंग पडताळावे. नंतर सुरक्षेचा प्रकार राऊटरशी जुळतो का, ते पाहावे. जुना भ्रमणध्वनी ‘डब्ल्यूपीए-३’ ओळखत नसेल, तर राऊटरवर मिश्र पर्याय ठेवावा लागतो. अनेक राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात आणि त्यांची नावे वेगळी असू शकतात. स्वस्त भ्रमणध्वनी केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर त्याला त्याच पट्ट्याचे नाव द्यावे. जुनी चुकीची नोंद ‘फर्गेट’ करून नव्याने माहिती भरल्यासही प्रश्न सुटतो.

आणखी एक अडचण ‘मॅक’ पत्त्याच्या गाळणीची. ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देण्याची ही सोय पूर्वी लोकप्रिय होती. परंतु २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून भ्रमणध्वनी प्रत्येक जाळ्यासाठी बनावट पत्ता वापरतात. त्यामुळे गाळणी घरच्यांनाच अडविते. घुसखोर मात्र हवेतून खरा पत्ता टिपून त्याची नक्कल करू शकतो.

राऊटरमधील आवश्यक बदल

राऊटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असून ब्राउझरमध्ये लिहिल्यावर नियंत्रणाचे पान उघडते. त्या पानाचा मूळ पासवर्ड सर्वप्रथम बदलावा. वाय-फायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड भिन्न असतात, हे ध्यानात ठेवावे. ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी. तिच्या आठ अंकी पिनची तपासणी दोन भागांत होत असल्यामुळे केवळ ११ हजार प्रयत्नांत ती फुटते, हे २०११ मध्ये उघड झाले आहे. राऊटरची प्रणाली अद्ययावत ठेवावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून वेगळा पासवर्ड ठेवावा, म्हणजे मुख्य पासवर्ड गल्लीभर होत नाही.

राऊटरच्या जागेचाही विचार व्हावा. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाड असतात. राऊटर ओसरीवर ठेवला, तर आतल्या खोलीत लहरी क्षीण होतात आणि रस्त्यावर मात्र त्या सहज पोहोचतात. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवलेला राऊटर घरच्यांना अधिक आणि बाहेरच्यांना कमी उपयोगी पडतो.

मग नाव लपवावे का?

सुरक्षेसाठी लपविण्याची गरज नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. आडनाव, सदनिका क्रमांक किंवा राऊटरचे मॉडेल नसलेले साधे नाव उघड ठेवावे आणि पासवर्ड भक्कम असावा, हा अधिक चांगला मार्ग. नाव पुन्हा उघड केल्यावर प्रत्येक भ्रमणध्वनीतील जुनी नोंद ‘फर्गेट’ करून यादीतून नव्याने जोडणी करावी. अन्यथा अँड्रॉइड भ्रमणध्वनी पूर्वीप्रमाणेच नावाचा पुकारा करीत राहू शकतो. काही कारणाने नाव लपविलेलेच ठेवायचे असेल, तर घराबाहेर पडताना वाय-फाय बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

दुसऱ्याच्या जोडणीत अप्रामाणिकपणे शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. गैरवापराची शंका आल्यास पासवर्ड बदलावा आणि राऊटरच्या पानावर दिसणारी जोडलेल्या उपकरणांची यादी तपासावी. त्या यादीत घरातील प्रत्येक उपकरण ओळखता येते का, हे महिन्यातून एकदा पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.