हळदीचा पिवळा रेणू आणि म्हातारपणाचे विस्मरण

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि घाईघाईने त्यावर साबण चोळला, की पिवळा डाग क्षणात तांबडा होतो. मुका मार लागल्यावर हळदीत चुना कालवून जो लेप लावतात, तोही असाच लाल दिसतो. आम्ल आणि आम्लारी शिकवताना हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला टिपकागद दर्शक म्हणून वापरणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत. तोच डाग पडलेला सदरा चार दिवस उन्हात वाळत घातला तर डाग फिका पडत जातो, हेही घरोघरी ठाऊक असते. रंग बदलणे आणि रंग विटणे हे दोन्ही गुण एकाच रेणूचे आहेत. या रेणूकडून स्मृतिभ्रंशावर औषध मिळेल अशी मोठी आशा बाळगली गेली. ती आशा कशी निर्माण झाली, कुठे अडली आणि रसायनशास्त्रज्ञ तिथून जे-१४७ नावाच्या एका प्रायोगिक संयुगापर्यंत कसे पोचले, त्याचा हा इतिहास आहे.

हळदीतील पिवळे द्रव्य १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए यांनी वेगळे काढले आणि त्याला करक्यूमिन असे नाव दिले. यांपैकी पेलेतिए हे पुढे १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणाऱ्या जोडीतले एक. क्विनीनचे औषध झाले. करक्यूमिन मात्र जवळजवळ शतकभर रंग म्हणूनच राहिले. त्याची रेणुरचना १९१० साली मिलोबेंड्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लांपे यांनी निश्चित केली. दोन टोकांना दोन बेंझीन वलये, प्रत्येक वलयावर एक हायड्रॉक्सिल आणि एक मिथॉक्सी गट, आणि दोहोंना जोडणारी सात कार्बन अणूंची साखळी. या साखळीच्या मध्यभागी दोन कीटोन गट एका कार्बनच्या अंतरावर बसलेले असतात. हा मधला भाग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सगळे रामायण त्याच्यामुळेच घडले.

भारतातील आधुनिक संशोधनाचा महत्त्वाचा टप्पा १९७३ सालचा आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी करक्यूमिनमुळे प्राण्यांमधील सूज कमी होते हे प्रयोगाने दाखवले. १९७६ साली ते ऑक्सिडीकरणाला अटकाव करते असेही प्रसिद्ध झाले. त्यानंतर या विषयावरील निबंधांची संख्या वाढतच गेली.

इथे हळदीच्या पेटंटची हकिगत आठवणे साहजिक आहे. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत पेटंट मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपल्याकडे या विजयाचे रास्त कौतुक झाले, पण त्याचा अर्थ अनेकांनी चुकीचा लावला. जखमेवर हळद लावण्याची पद्धत नवी नाही, एवढेच त्या निकालाने ठरले. हळद अमुक रोगावर गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न पेटंट कचेरीपुढे नव्हताच. तरीही त्यानंतर हळदीच्या गोळ्या विकणाऱ्यांना जणू सरकारी शिक्का मिळाल्यासारखे झाले!

आता मेंदूकडे वळू. १९०६ साली आलॉइस आल्झायमर यांनी आपल्या एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूतील गाठी आणि गुंते यांचे वर्णन केले. सत्तरच्या दशकात असे आढळले की अशा रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याची उणीव असते. त्यातून टॅक्रीन हे औषध आले. १९९३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण त्याने यकृताला इजा होत असे. त्यामागून १९९६ साली डोनेपेझिल आले आणि ते आजही वापरात आहे. ही औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात, पेशींचे मरण थांबवत नाहीत. दरम्यान १९८४ साली गाठींमधील अमायलॉइड प्रथिनाची ओळख पटली आणि सारे लक्ष त्याच्याकडे गेले. अमायलॉइड काढून टाकले की रोग हटेल, ही कल्पना इतकी प्रबळ झाली की दुसरा विचार करणाऱ्यांना पैसे मिळणे कठीण झाले. त्या मार्गाने पुढे २०२३ साली लेकानेमॅब या प्रतिपिंडाला पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. वेग कमी झाला, ऱ्हास थांबला नाही.

करक्यूमिनचा या विषयात प्रवेश २००१ साली झाला. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, मानवी अमायलॉइडचे जनुक घातलेल्या उंदरांना करक्यूमिन खाऊ घातले तेव्हा त्यांच्या मेंदूतील अमायलॉइड घटले. त्याच सुमारास हरियाणातील बल्लभगढ भागातील खेड्यांत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिथे वृद्धांमध्ये आल्झायमरचे प्रमाण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका भागापेक्षा बरेच कमी आढळले. झाले! भारतीय माणूस रोज हळद खातो म्हणून त्याची स्मरणशक्ती शाबूत राहते, असा निष्कर्ष लोकांनी काढून टाकला आणि तो अजून लेखांतून, भाषणांतून फिरतो आहे. त्या पाहणीत कोण किती हळद खातो हे मोजलेलेच नव्हते. संशोधकांनी स्वतः अल्प आयुर्मान आणि पाहणीचा थोडा काळ अशी साधी कारणे विचारात घेण्यास सांगितले होते. दोन गोष्टी एकाच ठिकाणी आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, हा तर्कदोष वर्गात समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

माणसांवरील चाचण्यांनी निराशा केली. आल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे, काहींना रोज २ ग्रॅम तर काहींना ४ ग्रॅम करक्यूमिन दिलेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. कोणताही फायदा दिसला नाही. रक्तात करक्यूमिन जेमतेमच पोचत होते. (हळदीच्या पुडीत करक्यूमिन वजनाच्या काही टक्केच असते, तेव्हा एवढ्या मात्रेसाठी रोज किती हळद फाकावी लागेल याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.) २०१८ साली, शोषण वाढवलेल्या करक्यूमिनची ४० निरोगी प्रौढांवरील १८ महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात स्मरणाच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली. पण ४० माणसांच्या बळावर वृद्धांना काही खात्रीने सांगता येत नाही.

अडचण कुठे आहे ते साबणाच्या डागाने आधीच सांगितले आहे. आम्लारी द्रावणात करक्यूमिनमधील हायड्रोजन सुटतात, त्यामुळे रंग बदलतो. पण रेणू तिथेच थांबत नाही, त्याचे विघटन होऊ लागते. यासाठी चुनाही लागत नाही. ७.२ सामू असलेल्या, म्हणजे जवळजवळ उदासीन अशा द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के करक्यूमिन नाहीसे होते. आपल्या रक्ताचा सामू ७.४ आहे. रक्तातील प्रथिनांच्या संगतीत ते थोडे अधिक टिकते खरे, पण तिथवर पोचण्याआधीच आतडे आणि यकृत त्याला गाठतात. वलयांवरचे हायड्रॉक्सिल गट म्हणजे यकृताला धरायला आयत्या मुठीच. तिथे शर्करेपासून बनलेले आम्ल जोडून शरीर त्याची बाहेर रवानगी करते. शिवाय करक्यूमिन पाण्यात विरघळत नाही, स्वतः चमकते, धातूंना धरून ठेवते आणि हाती लागेल त्या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे परीक्षानळीतील अनेक कसोट्यांमध्ये ते गुणकारी असल्याचा नुसता भास होतो. २०१७ साली काही औषध-रसायनशास्त्रज्ञांनी हा सारा हिशेब मांडला, तेव्हा हळदीच्या चाहत्यांत बरीच खळबळ उडाली.

ही अडचण ओळखून वेगळा मार्ग धरला तो साल्क संस्थेतील डेव्हिड शुबर्ट आणि पामेला माहेर यांनी. पोलिओच्या लशीमुळे प्रसिद्ध असलेल्या जोनास साल्क यांची ही संस्था कॅलिफोर्नियात ला होया इथे आहे. शुबर्ट यांचा अमायलॉइडच्या एकमार्गी शोधावर आक्षेप होता. जनुकातील थेट दोषामुळे होणारा आल्झायमर शंभरात एखाद्याच रुग्णाला असतो. बाकीच्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका म्हणजे वाढते वय. मग वयामुळे मेंदूवर येणाऱ्या संकटांपासून पेशी वाचवणारा रेणू का शोधू नये? त्यांनी संवर्धित चेतापेशींवर निरनिराळी संकटे आणली: पोषक प्रथिने काढून घेतली, ऑक्सिडीकरणाचा ताण दिला, ग्लुकोज तोडले, अमायलॉइडचे विष दिले. या सर्वांतून पेशी वाचवील ते संयुग पुढे न्यायचे, ते नेमके कुठे काम करते हे नंतर पाहू, असा हा खाक्या होता. जुन्या वैद्यकाला तो परका वाटला नसता. आधुनिक औषधनिर्मितीच्या मात्र तो अगदी उलट होता, कारण तिथे आधी लक्ष्य ठरते आणि मग बाण.

पहिली दुरुस्ती अर्थातच मधल्या नाजूक कीटोन-जोडीची. तिच्या जागी नायट्रोजनचे दोन अणू असलेले पायराझोल वलय बसवले. २००८ साली प्रसिद्ध झालेले हे संयुग सीएनबी-००१. ते करक्यूमिनपेक्षा टिकाऊ आणि पेशींना वाचवण्यात अधिक समर्थ निघाले. मग एकेक गट बदलत, काढत, जोडत २०११ साली जे-१४७ पर्यंत मजल गेली. त्यात कीटोनची जोडी नाही, हायड्रॉक्सिलच्या मुठी नाहीत आणि फ्लोरिनचे तीन अणू आहेत. वर्तमानपत्रांनी त्याला हळदीपासून बनवलेले औषध म्हटले. करक्यूमिनच्या खुणांपैकी त्यात एका वलयावरचा मिथॉक्सी गट सोडला तर फारसे काही ओळखू येत नाही. नातू आजोबांसारखा दिसतोच असे नाही! हळदीचे दूध पिऊन कोणाच्याही पोटात जे-१४७ तयार होणार नाही.

उंदरांमध्ये मात्र त्याने चांगले काम केले. २०११ च्या निबंधात सामान्य प्राण्यांची स्मृती सुधारली आणि रोगाच्या उंदरांमध्ये चेतापेशींच्या सांध्यांवरील प्रथिने टिकून राहिली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो २०१३ चा प्रयोग. त्यात रोग आधीच बळावलेल्या, २० महिन्यांच्या उंदरांना तीन महिने खाण्यातून जे-१४७ दिले, आणि गेलेली स्मृती बऱ्याच अंशी परतली. उंदराचे २० महिने म्हणजे म्हातारपणच. माणसाला औषध मिळते तेही रोग दिसू लागल्यानंतरच, म्हणून ही कसोटी वास्तवाला धरून होती. पुढे २०१५ साली, अकाली म्हातारे होणाऱ्या जपानी वंशाच्या उंदरांवरही अनुकूल परिणाम दिसला.

आधी मागे ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर २०१८ साली आले. जे-१४७ तंतुकणिकांमधील एटीपी सिंथेज या विकराला जाऊन चिकटते. हे विकर म्हणजे पेशीतील ऊर्जेची जणू टांकसाळच. त्याच्या कार्यपद्धतीच्या उलगड्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला होता. जे-१४७ हे विकर पूर्ण बंद पाडत नाही, थोडे मंद करते. त्याने पेशीतील कॅल्शियम किंचित वाढते आणि उपासाच्या वेळी जागी होणारी काटकसरीची यंत्रणा सुरू होते. ते खाणाऱ्या फळमाश्यांचे आयुष्यही वाढले. ऊर्जेची टांकसाळ मंद करून पेशी वाचावी हे ऐकायला विचित्र वाटते. पण आहार कमी ठेवलेले प्राणी अधिक जगतात, हे जुनेच निरीक्षण त्याच्याशी जुळते.

माणसातील पहिल्या टप्प्याची चाचणी २०१९ साली सुरू झाली. तिच्यात निरोगी तरुण आणि वृद्ध स्वयंसेवकांना वाढत्या मात्रेचा एकेक डोस देऊन अपाय होतो का आणि रक्तात किती औषध उतरते, एवढेच पाहायचे होते. स्मृतीचा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. शुबर्ट यांचे २०२० साली निधन झाले.

स्मृतीच्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या आंधळ्या चाचणीतच मिळते, आणि ते किती निष्ठुर असू शकते हे डिमेबॉनने दाखवले आहे. हे रशियातील ॲलर्जीवरचे जुने औषध. २००८ साली १८३ रुग्णांवरील चाचणीत त्याचा उत्तम परिणाम दिसला. २०१० साली ५९८ रुग्णांवर तीच कसोटी पुन्हा घेतली, तेव्हा औषध घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्यात काहीही फरक आढळला नाही. जे-१४७ ची अशी कसोटी झाल्याखेरीज त्याच्या नावाने कुणी काही विकायला आणले, तर ते विकत घेण्याचे कारण नाही.