मॅप कंपाइल आणि अनेक संगणक

१. मॅप कंपाइल करणे : गेममधल्या भिंती, दारे, दिवे यांचा आराखडा खेळण्याजोग्या फाईलमध्ये बदलणे. ‘हाफ-लाइफ २’ (२००४) हा गेम ज्यावर चालतो त्या ‘सोर्स’ इंजिनात याचे तीन टप्पे आहेत : व्हीबीएसपी जागेचे तुकडे पाडते, व्हीव्हीआयएस कुठून काय दिसेल ते ठरवते, व्हीआरएडी उजेड-सावली मोजते. मोठ्या नकाशात शेवटच्या दोन टप्प्यांना तासन्‌तास लागतात. पण त्यांतली कामे बरीचशी स्वतंत्र असल्याने व्हीएमपीआय या सोयीने ती लॅनवरच्या (एकाच ठिकाणच्या जाळ्यात जोडलेल्या) अनेक संगणकांना वाटून देता येतात. चादरींची मोठी ऑर्डर सोलापुरात अनेक मागांवर वाटावी तशी. पहिला टप्पा मात्र एकाच संगणकावर होतो, म्हणून दहा संगणक जोडले तरी काम दहापट वेगाने होत नाही. ही मर्यादा संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडली. अनेक प्रोसेसर एका कामाला जुंपण्याच्या याच तत्त्वावर पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. सोलापूरच्या महाविद्यालयांनी सुटीत बंद राहणारे प्रयोगशाळेतले संगणक विद्यार्थ्यांना अशा प्रयोगांसाठी जरूर खुले करावेत. — संपादक