शोकान्त नाटक आणि इंग्रजी शाळेचा वर्ग : खानदेशांतील शालेय कागदांविषयीं कांहीं विचार

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचीं साधनें म्हणून नाटकमंडळ्यांचे जमाखर्च, नटांच्या आठवणी, खेळांचीं जाहीरपत्रकें आणि छापील नाटकें यांचा परामर्श अनेकांनीं घेतला आहे. तो योग्यच होय. परंतु शोकान्त नाटकापुरतें पाहूं गेल्यास ह्या सर्वांच्या मागें आणखी एक साधन उभें आहे, आणि त्याकडे संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. तें साधन म्हणजे इंग्रजी शाळेच्या वर्गांतील कागद : विद्यार्थ्यांच्या वह्या, शिक्षकांचीं टिपणें, समासांत अर्थ लिहिलेलीं पाठ्यपुस्तकें आणि संमेलनांत केलेल्या प्रवेशांच्या नकला. शोकान्त नाटक मराठींत आलें तें प्रथम वर्गांत आलें, व तेथून रंगभूमीवर गेलें, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. त्याची उपपत्ति व त्यापासून निघणारें कर्तव्य यांचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम कालानुक्रम पाहूं. विष्णुदास भावे यांनीं सांगली येथें ‘सीतास्वयंवर’ केलें तें इ. स. १८४३ मध्यें. त्या पौराणिक खेळांत राक्षस मरत, पण नायक मरत नसे. इ. स. १८६१ मध्यें विनायक जनार्दन कीर्तने ह्या इंग्रजी शिकलेल्या तरुणानें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक लिहिलें, आणि नायकाचा मृत्यु व रमाबाईंचें सहगमन यांवर त्याचा शेवट केला. इ. स. १८६७ मध्यें महादेवशास्त्री कोल्हटकर यांचें ‘ऑथेल्लो’चें भाषांतर प्रसिद्ध झालें. इ. स. १८७९ मध्यें विष्णु मोरेश्वर महाजनी यांचें ‘तारा’, इ. स. १८८३ मध्यें गोपाळ गणेश आगरकर यांचें ‘विकारविलसित’, व इ. स. १८९० मध्यें गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘झुंझारराव’, हीं नाटकें निघालीं. ह्यांतील महाजनी हे वऱ्हाडांत शिक्षणखात्यांत होते. आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिकवीत. म्हणजे जुन्या मराठी शोकान्त नाटकांच्या कर्त्यांपैकीं निदान कांहीं प्रमुख मंडळी प्रत्यक्ष अध्यापनाच्या व्यवसायांतलीं होतीं.

येथें एक प्रचलित समजूत तपासणें अवश्य आहे. संस्कृत नाट्यशास्त्राच्या निर्बंधामुळें आपल्याकडे शोकान्त नाटक रुजलें नाहीं व संस्कृतज्ञांनीं त्यास विरोध केला, असें सरसकट म्हटलें जातें. निर्बंध होता हें खरें. धनंजयाच्या ‘दशरूपकां’त दूरचा प्रवास, वध, युद्ध, राज्यविप्लव इत्यादि गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत असें सांगितलें असून, मुख्य नायकाच्या वधास तर कोठेंच थारा दिलेला नाहीं. ‘वेणीसंहारां’त एवढा संहार असूनही दुर्योधन पडद्याआड मरतो. परंतु इंग्रज नाटककाराच्या सर्वांत दारुण नाटकांपैकीं एक मराठींत आणणारा पहिला भाषांतरकार हा एक शास्त्रीच होता, ही गोष्ट त्या समजुतीस सरळ छेद देते. भासाचें ‘ऊरुभंग’, ज्यांत दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, तें गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम येथें प्रसिद्ध केलें तें इ. स. १९१२ मध्यें. तेव्हां कोल्हटकरशास्त्र्यांस स्वपक्षाच्या समर्थनार्थ तें दाखवितां येण्यासारखें नव्हतें. तरी त्यांनीं लेखणी उचलली.

ती कां उचलली असावी, याचें उत्तर शास्त्राच्याच दुसऱ्या भागांत सांपडतें. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणां’त असा पूर्वपक्ष घेतला आहे कीं, करुण हा दुःखमय असतां त्यास रस कसें म्हणावें? त्यास उत्तर असें दिलें आहे कीं, सहृदयांचा अनुभव हेंच येथें प्रमाण. करुणांत दुःखच असतें तर त्याकडे कोणी वळला नसता, आणि रामायणादि ग्रंथही दुःखाचे हेतु ठरले असते. ही उपपत्ति ज्याच्या मनांत मुरली आहे, त्यास डेस्डिमोनेचा मृत्यु अपरिचित वाटेल, पण अग्राह्य वाटणार नाहीं. निर्बंध रंगावर काय दाखवावें याविषयींचा होता. शोकाचा आस्वाद घेऊं नये असें शास्त्र कधींच म्हणालें नव्हतें. हा भेद लक्षांत घेतला म्हणजे शास्त्री आणि शोकान्त नाटक यांत मानला जाणारा विरोध पुष्कळसा मावळतो.

आतां वर्गाकडे वळूं. मुंबई विद्यापीठ इ. स. १८५७ मध्यें स्थापन झालें. त्याच्या उच्च परीक्षांतून देशी भाषा लौकरच बाहेर पडल्या, व न्यायमूर्ति रानडे यांच्या खटपटीनें मराठीचा पुन्हा प्रवेश होण्यास विसाव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला. ह्या मधल्या काळांतील विद्यार्थ्याची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. एका तासास तो संस्कृत नाटक वाचतो, दुसऱ्या तासास इंग्रजी शोकान्त नाटक वाचतो; मराठी नाटकास वेळापत्रकांत जागाच नाहीं. पण दोन्ही तासांस अर्थ सांगितला जातो तो बहुधा मराठींत. अन्वय लावणें, शब्दार्थ देणें, मग भावार्थ सांगणें ही पाठशाळेंतील पद्धति इंग्रजी कवितेसही लागू झाली. संस्कृत नाटकांच्या मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या आवृत्त्या आणि शेक्सपिअरच्या डायटन किंवा व्हेरिटी यांच्या आवृत्त्या शेजारीं ठेवून पाहाव्या. मूळ पाठ, प्रस्तावना, टीपा अशी मांडणी दोहोंकडे आढळेल. विद्यार्थी एकाच हातानें दोन्ही पुस्तकांच्या समासांत मराठी अर्थ लिहीत असे. परीक्षेंत जिला स्थान नव्हतें ती मराठी ह्या समासांत वाढत होती. कोल्हटकर, महाजनी, आगरकर यांचीं भाषांतरें ही त्या समासाचीच छापील वाढ होय, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

‘तारा’ नाटकाची निवड ह्याच दृष्टीनें बोलकी आहे. त्याचें मूळ ‘सिंबेलाइन’ हें इ. स. १६२३ च्या पहिल्या संग्रहांत शोकान्त नाटकांत घातलेलें असलें, तरी त्याचा शेवट पुनर्मीलनांत होतो. निष्कलंक पत्नीवर आळ, तिचा त्याग, आणि शेवटीं मीलन, ही रचना ‘उत्तररामचरित’ शिकलेल्या वाचकास घरचीच वाटावी. बडोदें येथें झालेल्या त्याच्या प्रयोगाचें वर्णन बडोदें कॉलेजांतील इंग्रजीचे अध्यापक हॅरल्ड लिटलडेल यांनीं इ. स. १८८० मध्यें ‘मॅकमिलन्स मॅगझीन’ ह्या विलायती मासिकांत छापविलें. म्हणजे ह्या प्रयोगाचा साक्षीदारही एक वर्गशिक्षकच होता.

वर्ग आणि रंगभूमि यांचा प्रत्यक्ष सांधा मात्र पुण्यास दिसतो. फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या नटांस शेक्सपिअरचीं नाटकें समजावून दिलीं, भूमिकांचें मर्म उकलून दाखविलें व तालमींस मार्गदर्शन केलें. गणपतराव जोशी यांनीं आगरकरांच्या भाषांतरांतील चंद्रसेनाच्या भूमिकेनें जी कीर्ति मिळविली, तिच्या पाठीमागें हें अध्यापन होतें. गणपतरावांपाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी पदवीच्या वर्गांत जें शिकविलें जाई, तें त्यांच्यापर्यंत पोहोंचलें, आणि त्यांच्या वाणींतून अक्षरशत्रु प्रेक्षकापर्यंतही गेलें. विद्येचा असा प्रवाह जमाखर्चाच्या वहींत दिसत नाहीं. तो दिसेल तर केळकरांसारख्यांच्या टिपणांत किंवा नटांच्या नकलांतच दिसेल.

खानदेशाचा प्रश्न याहून निराळा व अधिक निकडीचा आहे. इ. स. १९०६ मध्यें ह्या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेच आजचे जळगांव आणि धुळें. नंदुरबार हा जिल्हा धुळ्यांतून निराळा झाला तो इ. स. १९९८ मध्यें. जळगांवचें मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचें प्रताप महाविद्यालय हीं निघालीं तीं इ. स. १९४५ मध्यें. त्यापूर्वीं उच्च शिक्षणासाठीं येथील विद्यार्थ्यास खानदेशाबाहेर जावें लागे. सबब तत्पूर्वींच्या काळांत खानदेशांत इंग्रजी नाटकाचें अध्ययन कसें होई हें जाणण्यास इंग्रजी शाळा हेंच मुख्य स्थान उरतें. त्या शाळांतील शिक्षक सामान्य नव्हते. केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, भडगांव व फैजपूर येथें अध्यापक होते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्यें होते. मराठींत सुनीताची रचना रूढ करणाऱ्या कवीच्या वर्गांत इंग्रजी कविता कशी वाचली जात असेल, हें जाणण्याची उत्कंठा कोणास होणार नाहीं? बालगंधर्वांनींही बालपणीं संगीताचे पाठ घेतले ते जळगांवीं, मेहबूबखां यांच्यापाशीं. पुढें इ. स. १९१९ मध्यें गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ ह्या शोकान्त नाटकांतील सिंधूचें दुःख ज्यानें महाराष्ट्रास ऐकविलें, तो गळा प्रथम ह्या भूमींत घडला.

असे कागद हातीं आल्यास काय पाहावें, हें थोडक्यांत सांगतों. एक, पाठ्यपुस्तकाची आवृत्ति व त्यावरील मालकांचीं नांवें. एकच प्रत तीन पिढ्यांच्या हातून गेली असल्यास शाईच्या भेदावरून प्रत्येकाचा अर्थ वेगळा काढतां येतो. दोन, समासांतील भाषा व लिपि. शिक्षकाचें टिपण मोडींत आणि विद्यार्थ्याचें बाळबोधींत असें आढळल्यास दोघांच्या शिक्षणांतलें अंतर त्यावरून कळतें. तीन, ज्या शब्दास मराठी प्रतिशब्द दोनदां खोडून तिसऱ्यांदां लिहिला आहे तो शब्द. भाषेस जेथें अडचण पडली तें स्थळ हेंच, व भाषेच्या इतिहासकारास त्याचें मोल फार आहे. चार, संमेलनासाठीं केलेल्या प्रवेशाची नक्कल असल्यास त्यांतील गाळलेला भाग. शाळेनें कोणता मृत्यु दाखविला, कोणता पडद्याआड ठेविला, स्त्रीभूमिका घेणाऱ्या मुलाचीं कोणतीं वाक्यें कमी केलीं, यावरून धनंजयाचा निर्बंध व इंग्रज कवीचें स्वातंत्र्य यांतील तडजोड गांवोगांव कशी झाली हें कळेल. ग्रंथकारांच्या प्रस्तावनांतून ती कधींच कळावयाची नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें प्रसिद्ध केला, त्यापूर्वीं दप्तरांतील जुने कागद वाळवीच्या वा वाण्याच्या स्वाधीन होत. राजवाडे धुळें येथें इ. स. १९२६ च्या अखेरीस निवर्तले, व त्यांच्या संग्रहाच्या रक्षणार्थ राजवाडे संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. त्यांच्यामुळें सनद, महजर, कैफियत यांची किंमत आज गांवच्या कुळकर्ण्याच्या नातवासही ठाऊक आहे. पण आजोबांची इंग्रजी पांचवीची वही मात्र दिवाळीच्या सफाईंत रद्दींत जाते. शाळांची जुनीं कपाटें रिकामीं होतात, तेव्हां नोंदवह्या तेवढ्या ठेवून बाकीचें शेराच्या भावानें विकलें जातें. सनद गेली तर तिची नक्कल दुसऱ्या दप्तरांत सांपडण्याचा संभव असतो. विद्यार्थ्याच्या वहीची दुसरी प्रत जगांत कोठेंही नसते. तेव्हां ह्या दोहोंत अधिक नाशवंत कोणती, हें निराळें सांगावयास नको.

यास्तव खानदेशांतील संग्राहकांस विनंति आहे कीं, इ. स. १९५० पूर्वींची इंग्रजी किंवा संस्कृत नाटकाची शालेय वही, टीपायुक्त पुस्तक, संमेलनाचें पत्रक अथवा नक्कल जेथें आढळेल तेथें तिची प्रथम नोंद करावी. कागद देण्यास मालक राजी नसल्यास हातांतील दूरध्वनियंत्रानें प्रत्येक पृष्ठाचें छायाचित्र तरी घ्यावें, व गांव, घर, प्राप्तीचा दिवस हें त्यासोबत लिहून ठेवावें. पुस्तक बांधणीस देतांना समास कापूं देऊं नये. दहा-वीस वह्या जरी एकत्र झाल्या, तरी वर मांडलेल्या मताचें मंडन किंवा खंडन होऊं शकेल. आणि खंडन झालें तरी तें कागदाच्या आधारानें झालें, ह्यांत संशोधनाचा लाभच आहे.