सार्थकता चाचणीचा वाद (सामाजिक शास्त्रे)

सार्थकता चाचणीचा वाद : नमुन्यात दिसलेला फरक किंवा संबंध निव्वळ योगायोगाचा असू शकेल काय, हे तपासण्याच्या प्रचलित सांख्यिकीय पद्धतीवरून मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू असलेला वाद. पद्धत थोडक्यात अशी : प्रत्यक्षात काहीच फरक नाही असे आधी धरून चालायचे (शून्य परिकल्पना), तसे असताना हाती आलेल्या आकड्यांइतके किंवा त्यांहून टोकाचे आकडे मिळण्याची संभाव्यता काढायची (पी-मूल्य), आणि ती 0.05 पेक्षा कमी निघाली की निष्कर्ष ‘सार्थ’ ठरवायचा. यामागच्या गणिताबद्दल कोणाची फारशी तक्रार नाही. त्या एका आकड्यावरून सिद्धांत खरा मानावा काय, आणि लेख छापायचा की परत पाठवायचा हेही त्यावरूनच ठरावे काय, यावर सगळे भांडण आहे.

या विचारसरणीची मुळे जुनी आहेत. लंडनमधील 82 वर्षांच्या बाप्तिस्मा-नोंदींत दरवर्षी मुलगेच अधिक आढळतात, हे योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य आहे, असा युक्तिवाद जॉन अर्बथनॉट यांनी 1710 मध्ये केला होता आणि त्याचे श्रेय ईश्वरी योजनेला दिले होते. योगायोग नाकारला म्हणजे आपल्या मनातले कारण सिद्ध झाले, ही उडी तेव्हापासूनची आहे. आधुनिक चाचणीचे प्रवर्तक रॉनल्ड फिशर हे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात काम करीत. खतांच्या व वाणांच्या तुलनेसाठी त्यांनी रचलेली तंत्रे 1925 च्या त्यांच्या पुस्तकामुळे सर्वत्र पोहोचली. विसात एक (0.05) ही मर्यादा त्यांनी सोयीची म्हणून सुचवली होती. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि क्वचितच फसला, तरच गोष्ट सिद्ध मानावी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील पिढ्यांनी मर्यादा उचलली आणि अट मागे ठेवली.

येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी 1928 ते 1933 या काळात वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते चाचणी हा दोन पर्यायांतला निर्णय असतो. नसलेला परिणाम आहे म्हणणे ही पहिल्या प्रकारची चूक आणि असलेला परिणाम हुकणे ही दुसऱ्या प्रकारची. दोन्हींची किंमत प्रयोगाआधीच ठरवावी लागते. फिशर यांना हे मुळीच मान्य नव्हते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दोन्ही पक्ष एकाच इमारतीत होते, आणि 1935 नंतर त्यांचे वैर जाहीरच झाले. सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे याच सुमारास तेथे नमुना-निवडीवर संशोधन करीत होते. दोन्ही गट त्यांनी जवळून पाहिले.

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी 1940 नंतर या दोन परस्परविरोधी मतांची मोट बांधली : पी-मूल्य फिशरचे, होय-नाहीचा निर्णय नेमन-पिअर्सनचा, आणि कर्त्यांपैकी एकाचेही नाव न घेता. विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली ती हीच संकरित पद्धत. गेर्ड गिगेरेन्झर यांनी तिला कर्मकांड म्हटले आहे, आणि ते अतिशयोक्त वाटत नाही.

पहिले जोरदार आक्षेप समाजशास्त्रातून आले. हॅनन सेल्विन यांनी 1957 मध्ये दाखवले की शेतातील वाफे यादृच्छिक पद्धतीने वाटता येतात, पण माणसांचे शिक्षण, जात, उत्पन्न किंवा धर्म संशोधकाला वाटून देता येत नाही. मग सर्वेक्षणातील फरक ‘सार्थ’ निघाला तरी त्याचे कारण कोणते, हा प्रश्न तसाच राहतो. मानसशास्त्रात विल्यम रोझबूम (1960) आणि डेव्हिड बेकन (1966) यांनी हल्ला चढवला. डेंटन मॉरिसन व रेमन हेंकेल यांनी 1970 मध्ये या वादाचे लेख एकत्र छापले, तेव्हाच ते पुरेसे जाड पुस्तक झाले होते.

यांतला सर्वांत खोल आक्षेप पॉल मील यांचा. समाजात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी थोडीफार गुंतलेली असते, म्हणून ‘काहीच संबंध नाही’ ही परिकल्पना बहुधा आधीच खोटी असते. नमुना पुरेसा मोठा केला की ती पडणारच. मील आणि डेव्हिड लिकेन यांनी मिनेसोटा राज्यातील सुमारे 57,000 शालेय विद्यार्थ्यांची माहिती घेऊन कुटुंब, छंद, धर्मपंथ, पुढील शिक्षणाचे बेत अशा 15 चलांच्या जोड्या लावल्या. 105 पैकी 105 जोड्यांत संबंध सार्थ निघाला. अशा जगात एखाद्या सिद्धांताने केवळ ‘हा गट त्या गटापेक्षा वरचढ असेल’ एवढेच भाकीत केले, तर ते खरे ठरण्याची शक्यता नाणेफेकीइतकी असते. मील यांनी 1967 मध्येच विरोधाभास दाखवला होता : भौतिकशास्त्रात मोजमाप जितके अचूक तितकी सिद्धांताची परीक्षा कठीण होते, मानसशास्त्रात ती सोपी होते. चाचणीच्या समर्थकांना याचे समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. ‘फरक किती’ हे सिद्धांताने आधी सांगितले पाहिजे, हे मान्य केल्याखेरीज सुटका नाही, आणि ते सांगण्याइतके काटेकोर सिद्धांत सामाजिक शास्त्रांत फार थोडे आहेत.

दुसरा आक्षेप अर्थ लावण्याचा. पी-मूल्य 0.05 म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता पाच टक्के, असे अनेक संशोधकही समजतात. तसे ते नाही. समजा, 1,000 कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या 100 खऱ्या होत्या. खरा परिणाम सापडण्याची क्षमता निम्मी असेल, तर 50 खऱ्या कल्पना हाती लागतील; उरलेल्या 900 खोट्यांपैकी पाच टक्के, म्हणजे 45, योगायोगाने सार्थ ठरतील. ‘सार्थ’ निष्कर्षांतला जवळजवळ प्रत्येक दुसरा खोटा. क्षमता निम्मी धरणे अन्यायाचेही नाही : जेकब कोहेन यांनी 1962 मध्ये एका मानसशास्त्रीय नियतकालिकातील अभ्यास तपासले, तेव्हा मध्यम आकाराचा परिणाम सापडण्याची सरासरी क्षमता 0.48 आढळली. त्याच्या तीन वर्षे आधी थिओडोर स्टर्लिंग यांनी दाखवले होते की चाचणी वापरणाऱ्या 294 लेखांपैकी 286 लेखांत निकाल सार्थ होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर न छापलेले लेख कुठे गेले, हे वेगळे सांगावे लागत नाही. रॉबर्ट रोझेन्थल यांनी 1979 मध्ये या टेबलाच्या खणात पडून राहणाऱ्या संशोधनाचा प्रश्न मांडला. कोहेन यांनी 1994 मध्ये पुन्हा एक तिखट लेख लिहिला. सवयी तरीही फारशा बदलल्या नाहीत.

अर्थशास्त्रात डीअर्ड्रे मॅक्लोस्की आणि स्टीफन झिलिआक यांनी परिणामाच्या आकाराचा मुद्दा लावून धरला. 1980 च्या दशकात ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापलेल्या 182 लेखांपैकी सुमारे 70 टक्के लेखांत सांख्यिकीय सार्थकता आणि आर्थिक महत्त्व यांची गल्लत होती, असा त्यांचा 1996 चा निष्कर्ष. त्यांची भाषा प्रचारकी होती आणि मोजणीच्या पद्धतीवर टीकाही झाली. मूळ तक्रार मात्र टिकली.

वाद वर्गाबाहेर पडला तो 2011 मध्ये. डॅरिल बेम यांनी माणसाला भविष्याची चाहूल लागते असे सुचवणारे नऊ प्रयोग एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापले. पद्धत सर्वमान्य होती, आणि त्यामुळेच अस्वस्थता पसरली. त्याच वर्षी जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन व युरी सायमनसन यांनी बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने माणसाचे वय जवळजवळ दीड वर्षाने घटते, असे मुद्दाम ‘सिद्ध’ करून दाखवले. आकडे खरे होते. नमुना कधी थांबवायचा, कोणता चल घ्यायचा, कोणता गट वगळायचा, हे निकाल पाहत ठरवले की पुरे. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर चुकीच्या सकारात्मक निकालांचे प्रमाण पाच टक्क्यांवरून साठ टक्क्यांच्या वर जाते, असे त्यांच्या प्रतिमानाने दाखवले. यात लबाडी असावीच लागत नाही; प्रामाणिक माणूसही प्रत्येक वळणावर आपल्याला सोयीचा रस्ता योग्य मानतो. 2015 मध्ये मानसशास्त्रातील 100 अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली : मूळच्या 97 टक्के अभ्यासांत निकाल सार्थ होता, पुनरावृत्तीत 36 टक्क्यांत.

उपाय सुचवणाऱ्यांचे मात्र एकमत नाही. ‘बेसिक अँड अप्लाइड सोशल सायकॉलॉजी’ने 2015 मध्ये चाचण्यांवर बंदी घातली, 2018 मध्ये ‘पोलिटिकल अ‍ॅनालिसिस’ने पी-मूल्ये छापणे सोडले. 72 संशोधकांच्या एका गटाने मर्यादा 0.005 करावी असे सुचवले, तर दुसऱ्या गटाने प्रत्येकाने आपापली मर्यादा कारणांसह ठरवावी असे उत्तर दिले. बेझच्या पद्धतीचे पुरस्कर्ते परिकल्पनांच्या पूर्वसंभाव्यता (आकडे पाहण्याआधी त्या किती संभाव्य वाटतात ते) उघड मांडायला सांगतात. या पद्धतीतील एक मोठे नाव हॅरल्ड जेफ्रीज. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक व. शं. हुजूरबाजार हे केंब्रिजमधले त्यांचे विद्यार्थी. डेबोरा मेयो यांच्यासारखे तत्त्वज्ञ मात्र सांगतात की दोष चाचणीचा नाही, तिच्या गैरवापराचा आहे; ती काढून टाकली तर योगायोगाला फसण्यापासून वाचवणारे साधनच जाईल. हा बचाव पोकळ नाही. अप्रिय निष्कर्ष टाळण्यासाठी ‘मर्यादा कृत्रिम आहे’ असे म्हणणे कोणालाही सोपे जाते.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये पी-मूल्याविषयी सहा तत्त्वे जाहीर केली. 2019 मध्ये तिच्याच नियतकालिकाच्या विशेषांकातील संपादकीयाने ‘सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ’ हा शब्दप्रयोगच सोडण्याचे आवाहन केले, आणि त्याच सुमारास ‘नेचर’मधील तशाच टिपणाला 800 हून अधिक संशोधकांनी पाठिंबा दिला. संस्थेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या गटाने 2021 मध्ये मात्र नीट वापरलेल्या चाचण्या उपयुक्तच असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात बदल अधिक झाला तो प्रकाशनाच्या व्यवहारात : अभ्यासाची पूर्वनोंदणी, आकडे गोळा करण्याआधीच आराखड्यावर लेख स्वीकारणे, परिणाममान (परिणामाचा आकार) व विश्वास अंतराल (अंदाजाची अनिश्चितता दाखवणारी व्याप्ती) देण्याची सक्ती. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ आता तक्त्यात सार्थकतेचे तारे (सार्थ आकड्यापुढची तारांकित खूण) छापत नाही, फक्त प्रमाण त्रुटी देते. इतर बहुतेक नियतकालिकांत तारे अजून आहेत.