इंटरनेट रेडिओवर गाणी लावायची, तर पैसे नेमके कुणाला द्यायचे?

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला गाड्यांची रांग लागते. तिथं अडकलेल्या चाकरमान्यांना मराठी गाणी ऐकवणारा इंटरनेट रेडिओ काढायचा म्हटलं, तर तांत्रिक काम सोपं आहे. लॅपटॉप, माईक आणि सर्व्हरचं भाडं. एफएमसारखी लिलावात लहर घ्यावी लागत नाही. अडतं ते गाण्यांपाशी.

एका गाण्यात किमान दोन हक्क असतात. शब्द-चालीचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. पहिल्याची रॉयल्टी १९६९ साली स्थापन झालेली 'आयपीआरएस' गीतकार-संगीतकारांसाठी गोळा करते. रेकॉर्डिंगचा हक्क बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असतो. काहींच्या वतीनं 'पीपीएल' परवाने देते, काही कंपन्या थेट व्यवहार करतात.

'जुनं गाणं म्हणजे फुकट' हा समज तर हमखास फसवतो. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १९५५ मध्ये सुरू झालं. पण शब्द आणि संगीतावरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा थेट २०६२ अखेरपर्यंत. रेकॉर्डिंगची ६० वर्षं वेगळी, ती प्रकाशनापासून मोजतात.

एफएमला कायद्यानं एक वाट दिली आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेल्या कलम '३१ डी'नुसार कंपनीनं नकार दिला तरी नोटीस देऊन, ठरवून दिलेल्या दरानं गाणी वाजवता येतात. इंटरनेटला ही सोय आहे का? 'टिप्स' विरुद्ध 'विंक' खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये 'नाही' म्हटलं, खंडपीठानं २०२२ मध्ये ते कायम ठेवलं. त्यामुळे इंटरनेटवर सरकारी दरपत्रक नाही. परवानगी मागायची आणि समोरचा सांगेल त्या दरावर घासाघीस करायची. अमेरिकेत इंटरनेट रेडिओसाठी दर ठरलेला आहे, गाणं किती श्रोत्यांनी ऐकलं त्यावर. आपल्याकडे मात्र गावातल्या छोट्या स्टेशनलाही बड्या अ‍ॅपसारखंच वाटाघाटीला बसावं लागतं. हे जरा अन्यायाचंच.

अर्थात दुसरी बाजूही आहे. २०१२ च्याच दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला लिहून देता येत नाही असं ठरलं. फुकट वाजवलेल्या गाण्यात बुडतो तो हाच वाटा.

'क्रेडिट दिलंय', 'जाहिरात घेत नाही' या सबबी चालत नाहीत. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

मग वाजवायचं काय? तुकोबांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत. गावातल्या भजनी मंडळानं पारंपरिक चालीत गायलेले, त्यांची लेखी संमती घेऊन स्वतः रेकॉर्ड केलेले अभंग बिनधास्त लावा. तोच अभंग एखाद्या नामवंत गायकाच्या अल्बममधून उचललात, तर परत कंपनीचं दार ठोठवावं लागेल.