आजार, अपंगत्व आणि दाखला

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी लागते. तेथल्या आमच्या वाडीत मी वाढलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला असे एकेक कागद जमवीतच मी शिकलो. आपण कोण आहोत, किती गरीब आहोत, हे प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या सहीने सिद्ध करावे लागले. हे सारे दाखले मी मिळविले. एक मात्र मिळविता आला नाही. तो माझ्या आईच्या अपंगत्वाचा.

२०१० साली मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आईला आमवात होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. सकाळी तिची बोटे आखडलेली असत. तांब्या उचलत नसे, वेणी घालता येत नसे. आवण काढणे, लावणी, कापणी ही सारी कामे एकेक करून तिच्या हातून सुटली. दुपार झाली की बोटे थोडी सैल होत आणि तेवढ्या वेळात ती घरचे आवरून घेई. तपासणीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या पहिल्या एस. टी.ने निघालो. नंबर लागेपर्यंत दुपारचा दीड वाजला. डॉक्टरांनी मूठ मिटायला सांगितली, ती मिटली. उघडायला सांगितली, ती उघडली. कागदावर पस्तीस टक्के लिहिले गेले. लाभासाठी चाळीस हवे होते. परत येताना आई एवढेच म्हणाली, “मेली आजच कशी उघडली मूठ!”

आपला हात थोडा वेळ बरा चालला याची माझ्या आईला लाज वाटली. ही लाज तिच्या मनात कोणी घातली? मी इतिहासाचा शिक्षक आहे. तेव्हा या प्रश्नाकडे इतिहासाच्याच वाटेने जाणे मला भाग आहे.

तपासणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे केंद्र सरकारच्या २००१ सालच्या मार्गदर्शक सूचना होत्या. सांधा किती वळतो, स्नायूत ताकद किती, पकड कशी, हे पाहून टक्के काढायचे. सकाळी सहा वाजता हात कसा असतो, पावसाळ्यात किती दिवस अंथरुणात जातात, मजुरी किती बुडते, यासाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता.

शरीराची अशी टक्केवारी आपल्याकडे कामगार कायद्यातून आली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. पुढील दुरुस्त्यांनंतर तिच्यात एक अंगठा गेला तर ३० टक्के आणि एक हात गेला तर ६० टक्के कमाईची शक्ती गेली, असे धरले जाई. यंत्राने तोडलेला अवयव मोजणे सोपे असते. तो दिसतो आणि परत उगवत नाही. आजारांची अनुसूची वेगळी होती. तिच्यात सुरुवातीला शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा असे मोजकेच रोग होते. शेतावर, वीटभट्टीवर किंवा सफाईच्या कामात झिजणाऱ्या देहाची नोंद घेण्याची ही व्यवस्थाच नव्हती. आणि त्या कामांवर कोण होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गावगाड्यात तर आजारपणाला मुळीच जागा नव्हती. वतनाच्या कामाला बाप गेला नाही तर मुलाला जावे लागे, मुलगा नसेल तर बाईला.

या परंपरेला पहिला मोठा छेद गेला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना. १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला आजाराच्या काळात रोख भत्ता मिळू लागला. क्षयासारख्या दीर्घ आजारात तो नेहमीच्या मुदतीपुढेही मिळे. अवयव शाबूत असलेला माणूससुद्धा कमाईला मुकतो, हे येथे कायद्याने मान्य केले. मात्र हा हक्क विमा असलेल्या कामगाराचा होता. भातशेतीतली मजूर बाई त्याच्या बाहेरच राहिली.

राज्यघटनेने तिला आत घेतले. अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या अवस्थांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने द्यावा, असे म्हटले आहे. आजार आणि अपंगत्व हे दोन शब्द तेथे शेजारी बसले आहेत. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह आणि पायांचे जुने दुखणे होते, आणि घटनेचे काम त्यांनी त्या दुखण्यातच पुरे केले, हे येथे आठवावेसे वाटते. पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी अट त्याला आहे, आणि त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही.

महाराष्ट्रात त्या तत्त्वाला थोडे हातपाय फुटले ते १९८० मध्ये. आमच्याच जिल्ह्यातल्या आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. अपंगांबरोबरच क्षय, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग अशा आजारांनी चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांनाही तिच्यात जागा मिळाली. घटनेतले दोन शेजारी येथे पुन्हा एकत्र आले.

ते वेगळे झाले ते नंतर. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकार ठरविले आणि चाळीस टक्क्यांची रेघ ओढली. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हे आजार त्यात आले. विदर्भात सिकलसेल आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. तेव्हा ही ओळ आपल्या माणसांसाठी फार मोलाची आहे. पण त्याच कायद्याचे कलम ३४ वाचा. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे हे आजार नाहीत. उच्च शिक्षणात जागा आहे, शिकून बाहेर पडल्यावर नाही. आणि आठवड्याला दोनतीनदा डायलिसिस घेणारा माणूस तर एकविसांतही नाही.

या वेगळेपणाची किंमत रुपयांतही मोजता येते. निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. दुर्धर आजाऱ्यासाठी ती २१,००० आहे, म्हणजे सगळ्या घराला महिन्याला १,७५० रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे अनुदान महिना २,५०० झाले. बाकीच्यांचे १,५०० वरच आहे. वाढ योग्यच झाली, ती आणखी व्हावी. परंतु एकाच योजनेत, एकाच वाडीत, काम न करू शकणाऱ्या दोन बायांमध्ये हजार रुपयांचे अंतर कशाच्या आधारावर? त्यांतली एक चाळीस टक्क्यांच्या पलीकडे आहे आणि दुसरी अलीकडे, एवढ्याच आधारावर.

दिव्यांग चळवळीशी भांडण करावे, असा याचा अर्थ नाही. तिने लढून मिळविलेल्या कायद्यातच आपली वाट आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम ५९ दाखल्याच्या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क देते. आमच्या वेळी त्या कागदावर दाद कोठे मागायची, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. पदवीच्या उंबऱ्यावर असलेला मुलगा साहेबाच्या टेबलापुढे गप्प राहिला, हे कबूल केले पाहिजे. आज वाडीत कोणी तपासणीला निघाले, तर मी आधी एक वही देतो. कोणत्या दिवशी उठता आले नाही, किती मजुरी बुडाली, औषधाला किती गेले, हे रोज लिहायचे. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराने लिहायचे. टक्के त्या वहीने वाढतीलच असे नाही. पण आजारी माणसाचे वर्ष एका दुपारवरून ठरवू नये, ही मागणी करायला हातात पुरावा लागतो.

माझी आई आता कोणत्याच यादीत बसत नाही. मला नोकरी लागली आणि आमचे घर उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर गेले. बोटे सकाळी अजून आखडतात. आमच्या घरापासून चौथ्या घरातल्या बाईची वही मार्गशीर्षात सुरू झाली आहे. तिची मुलगी आठवीत आहे, ती लिहिते.